शेवंताक्कानं न केलेली सही

बेळगावातल्या खासबागेत शेवंताक्काच्या दारावरून जाताना माणसं जरा जपून बोलायची. बाई भांडकुदळ नव्हती, तोंडातून कधी वाईट शब्द काढायची नाही. अडचण एवढीच, की तिला सगळं आठवायचं. कोण काय म्हणालं, कुठं उभं राहून म्हणालं, तेव्हा त्याच्या हातात पिशवी कसली होती, सगळं. ती स्वतःच सांगायची, "माझा राग पापडागत हाय गं. वाळवून ठेवल्याला. कवाबी काढा, तळा."

आक्का गेली तेव्हापासून तिची थोरवी गाणारे पुष्कळ निघालेत. त्यात आमचे इनामदार सरसुद्धा आहेत. परवा एका कार्यक्रमात 'आमच्या शेवंताक्का' म्हणताना त्यांचा गळा दाटून आला म्हणे. हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहायला बसले. तिच्या सहीच्या प्रकरणात सरांचा हात किती होता हे मला माहीत आहे, आणि माझा किती होता हेही.

आक्का जेकार्डच्या पट्ट्या पाडायची. साडीच्या काठावर नक्षी उठते ती कशी, हे साडी नेसणाऱ्या शंभरातल्या नव्वद बायकांना ठाऊक नसतं, मलाही नव्हतं. चौकटीच्या कागदावर आधी नक्षी रंगवायची. कागदावरची एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याची एक पट्टी, आणि रंगवलेला एक चौकोन म्हणजे त्या पट्टीत एक भोक. अशा शे-दोनशे पट्ट्या दोऱ्यानं ओवून मागावर टांगल्या, की कुठला धागा उचलायचा आणि कुठला दाबायचा हे मागाला त्या भोकांवरून कळतं. एक भोक चुकलं की काठ लंगडा होतो, तोही दर वितीला. पुरुषांनी करायचं काम म्हणून हे वडगाव-शहापूरच्या विणकरांत ओळखलं जायचं. आक्कानं ते रबकवीकडच्या एका म्हाताऱ्याकडून शिकून घेतलं होतं. म्हातारा कानडी, त्यामुळे आक्का बोलायची मराठीत आणि भोकं मोजायची कानडीत. "ओंदु, येरडु, मूरु" सुरू झालं की घरातलं मांजरसुद्धा उंबरा ओलांडत नसे.

उंच, काटकुळी बाई. चष्मा दोऱ्यानं मानेत अडकवलेला. उजव्या हाताचा अंगठा यंत्राची दांडी दाबून दाबून चपटा झालेला. नुसत्या दुसऱ्याच्या नक्ष्या ती पाडत नव्हती, स्वतःच्या काढायची, आणि त्यांची नावंही तिचीच. 'मुंगीची रांग', 'पावट्याची शेंग', रेल्वेच्या फाटकावरून 'तिसरं फाटक'. मी एकदा पिरनवाडीहून घरचे काजू नेले, तर पुढच्या आठवड्यात 'पिरनवाडीचा काजू' तयार. आपल्या गावचं नाव साडीच्या काठावर बघून मला कोण आनंद झाला होता!

तिच्या रागाचे दोन नमुने सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

ऐन उमेदीत तिला शहापुरातल्या एका दुकानदारानं दमट पुठ्ठा दिला. भोकं फाटली, लग्नाची साडी मधोमध बिघडली. ही विचारायला गेली, तर गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, बायकांनी पट्ट्या पाडायला घेतल्यावर दुसरं काय होणार. झालं. त्या दिवसापासून आक्कानं ती गल्ली सोडली. दुकानदार म्हातारा झाला, मेला. दुकान मुलानं मोडलं, तिथं मोबाइलचं आलं, मग बेकरी आली. आक्का आपली दोन गल्ल्यांचा वळसा घालून बाजाराला जायची. गुडघे दुखायला लागल्यावर मी म्हटलं, "आक्का, त्यो मानूस जाऊन लई वर्सं झाली की."

"त्यो गेला. मी हाय न्हवं?" आक्का म्हणाली.

दुसरा नमुना बोरगावच्या नणंदेचा. कुठल्याशा लग्नात पंगतीत बसून ही नणंद म्हणाली, "आमची वयनी काय, भोकं पाडती." पंगत हसली. आक्काही हसली. पुढं चार वर्षांनी नणंदेच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं, तेव्हा आक्कानं सुनेसाठी साडी नेली. काठ मुद्दाम त्या लग्नासाठी नवा काढलेला. अख्खं बोरगाव तो काठ हातात घेऊन बघून गेलं. वर्षभरानं धाकट्याचं लग्न ठरलं, तशी नणंद स्वतः खासबागेत आली. "वयनी, तसलीच आनि एक पायजे बगा, धाकटी रुसून बसलीया." आक्कानं माळ्यावरून त्या काठाच्या पट्ट्यांची माळ काढली. नणंदेला घेऊन न्हाणीत गेली आणि तिच्यादेखत एकेक पट्टी चुलीत सारली. "पानी चांगलं तापलंय वन्स, आंगोळ करून घ्या," म्हणाली. बोरगावच्या त्या घरात दोन जावा एका साडीवरून अजून भांडतात. नणंदेनं मग मरेपर्यंत वहिनीच्या कामाला नाव ठेवलं नाही.

तर अशा बाईच्या वाटेला आमचे सर गेले.

इनामदार सर आमच्या कॉलेजात विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली लॅबमध्ये शिकवायला. सर माणूस तसा वाईट नव्हता, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात एक चांगली कल्पना आली होती, हे मात्र कबूल करते. विणकरानं नक्षी संगणकावर काढावी आणि पट्ट्यांचा आराखडा संगणकानंच तयार करावा, असं सॉफ्टवेअर. नाव 'किनार'. ते कुणाच्या मालकीचं नाही; कुणीही फुकट न्यावं, वापरावं, आतलं उघडून बघावं, त्यात सुधारणा करावी. पोरापोरींनी आणि मी मिळून ते लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की आत एकही नक्षी नाही. नुसतं रिकामं सॉफ्टवेअर घेऊन विणकर काय करणार? आमच्या ऑफिसातली सुनीता म्हणाली, माझ्या मावशीला विचारा. मावशी म्हणजे शेवंताक्का.

वर्षभर मी आठवड्यातून दोनदा पिरनवाडीहून स्कूटर काढून खासबागेत जात होते. आक्का माळ्यावरून पट्ट्या काढायची, उलगडायची, नाव सांगायची, मी ते सगळं संगणकात घालायची. दोनशे बारा काठ. स्वतःच्या हातानं भाकरी वाढून, एक पैसा न घेता बाईनं आयुष्यभराचं काम आमच्या पुढ्यात ओतलं. गल्लीतल्या कुणालाही ती नक्षी अशीच द्यायची, त्यामुळे तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं सरांना एकच विचारलं होतं, "माझं नाव येतंय न्हवं त्यात?"

सरांनी छातीवर हात ठेवला. "आक्का, तुमच्या नावाशिवाय 'किनार' पुरी होईल का?"

नक्ष्यांच्या यादीत 'कर्ता' असा एक रकाना होता. मी तिथं दोनशे बारा वेळा शेवंताक्काचं नाव घातलं होतं. 'किनार'च्या प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी सरांनी मला बोलावलं. "सविता, इथं 'पारंपरिक, कर्ता अज्ञात' असं कर. बाहेरच्या लोकांना परंपरा आवडते. शिवाय जिवंत माणसाचं नाव घातलं, की त्याची परवानगी, त्याची सही, हजार भानगडी." मी केलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आक्काला काय सांगायचं ते नंतर बघू, असं मनाशी म्हटलं.

त्याच आठवड्यात मी आणखी एक शहाणपणा केला. आक्काच्या प्रत्येक काठाच्या शेवटच्या पट्टीत, डाव्या कोपऱ्यात, एक भोक पाडायचं राहिलेलं दिसायचं. सगळ्या काठांत तेच. बाईंची सवयीची चूक, असं मी ठरवलं, आणि ती जागा आपोआप दुरुस्त होईल असा बंदोबस्त करून टाकला. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवली जाते, तिथं 'चूक दुरुस्त केली' अशी नोंद माझ्या नावानं घातली. चांगली फुशारकीनं घातली.

प्रदर्शन बेळगावातच होतं. आक्का नवी साडी नेसून, सुनीताला घेऊन आली. पडद्यावर तिचे काठ एकामागून एक झळकत होते आणि खाली इंग्रजीत पाटी होती. आक्काला मराठी वाचता यायचं, कानडीही यायचं. इंग्रजी येत नव्हतं. तिनं सुनीताला विचारलं आणि सुनीतानं वाचून मराठीत सांगितलं.

"अज्ञात म्हंजे?"

"कुनी केलं ते ठावं न्हाय, असं," सुनीता म्हणाली.

आक्कानं व्यासपीठाकडं बघितलं. सर माइकवरून आपल्या मातीतल्या अनामिक कलावंतांबद्दल बोलत होते. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली वाकून प्लग नीट करायला लागले. प्लगला काहीही झालेलं नव्हतं. आक्कानं टेबलावरचं, तीच पाटी छापलेलं एक माहितीपत्रक उचललं, चार घड्या घातल्या, कमरेच्या पिशवीत ठेवलं. आणि सर्वांना नमस्कार करून घरी गेली.

पुढं दोन वर्षं ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी गेले की चहा करायची, पिरनवाडीच्या शेतावर कुणी घरं बांधली ते विचारायची. आक्का विसरली, असं मला वाटलं. पुठ्ठेवाला आणि नणंद दोन्ही माहीत असून मला असं वाटलं, यावरून माझी अक्कल कळते.

मग सरांच्या मनात 'किनार' एका मोठ्या परदेशी फाउंडेशनला द्यायचं आलं. अशा संस्था असतात. लोकांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर त्या सांभाळतात. कॉलेज राहो न राहो, सर असोत नसोत, काम टिकतं. सरांना अर्थातच 'संस्थापक' म्हणून तिथं आपला फोटो दिसत होता. फाउंडेशनची अट साधी होती. ज्यानं ज्यानं या कामात काही घातलंय, त्यानं करारावर सही करायची: हे काम माझं स्वतःचं आहे, ते सर्वांना वापरू द्यायला मी कायमची परवानगी देतो. पुण्या-बंगळूरला पांगलेल्या आमच्या पोरांनी आठवड्यात सह्या पाठवल्या.

आणि फाउंडेशनमध्ये हे सगळं तपासणाऱ्या बाईंचं पत्र आलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते. पहिला: 'कर्ता अज्ञात' म्हणजे तुम्ही शोधला आणि सापडला नाही, की शोधलाच नाही? दुसरा: सर्व नक्ष्यांत एकाच जागी एकच दुरुस्ती का करावी लागली? निरनिराळ्या काळातले अनोळखी विणकर एकाच जागी एकच चूक करतील, हे पटत नाही; हे एका माणसाच्या हातचं काम दिसतं.

माग बघितलेला नाही, बेळगाव कुठं आहे माहीत नाही, अशा बाईला सातासमुद्रापलीकडं जे दिसलं, ते वर्षभर आक्काच्या हातची भाकरी खाऊन मला दिसलं नव्हतं. पत्र वाचून माझे कान लाल झाले. मी तशीच खासबागेत गेले आणि आक्काला त्या भोकाचं विचारलं.

"ती खूण हाय," ती म्हणाली. "हरेक पट्टी पाडणाऱ्याची येगळी. माझी डाव्या कोपऱ्याला. अगदी कडंचं भोक, म्हनून कापडात दिसत न्हाय, पन पट्टी हातात आली की वळखतंय कुनाची ती. सांगायची नसतीया, म्हनून सांगितली न्हाय."

"आक्का, मी ती बुजवली म्हंजे... भोक पाडून टाकलं सगळीकडं."

"तुला चूक वाटली."

"व्हय."

"माझ्यात चूक घावली, आनि मला इचारलं बी न्हाईस."

मी तिला पत्राचं आणि सहीचं सांगितलं; सही घ्यायला आता सरांना तिच्या दारी यावंच लागणार होतं. आक्कानं विचारलं, सर कधी येणार. मी म्हटलं, रविवारी.

रविवारी सर आले ते शाल आणि नारळ घेऊन. फोटो काढायला एक विद्यार्थीही आणला होता. आक्का यंत्रावर बसली होती. तिचं मोजणं चालू होतं. सर उंबऱ्याबाहेर उभे. सर दोनदा खाकरले. आक्कानं एक पट्टी संपवली, दुसरी घेतली. गल्लीतल्या बायका नळाचं निमित्त करून बाहेर आल्या. पाऊण तास विभागप्रमुख इनामदार उन्हात नारळ धरून उभे होते, आणि खोटं कशाला बोलू, मला इतका चांगला रविवार त्या वर्षात दुसरा मिळाला नव्हता.

"या की आत," शेवटी आक्का म्हणाली. "शाल ऱ्हाऊ दे. उनाळा हाय. कागद काय आनलाय तो वाचा."

कराराचं मराठी मी करून आणलं होतं. मी वाचायला लागले तशी तिनं हातानं थांबवलं. "तू नगो. सरांना वाचू दे."

सर वाचू लागले. एकदा दिलेली परवानगी मागे घेता येणार नाही, यावर आक्का म्हणाली, "बराबर हाय. दिल्यालं परत कशाला मागायचं." कुणीही वापरावं, बदलावं, यालाही तिनं मान डोलावली. मग सर त्या ओळीवर आले.

"'हे काम माझे स्वतःचे आहे.'"

"कुनाचं?"

"तुमचं. म्हणजे असं तुम्ही म्हणताय."

"परत वाचा."

"'हे काम माझे स्वतःचे आहे.'"

"मोट्यानं वाचा सर. शेजारनीला ऐकू येत न्हाय."

सरांनी तिसऱ्यांदा वाचलं. दारातल्या बायकांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. आक्कानं कमरेच्या पिशवीतून ते माहितीपत्रक काढलं. घड्यांवर विरलेलं होतं, तरी 'कर्ता अज्ञात' ही ओळ शाबूत होती. तिनं ते सरांच्या मांडीवर ठेवलं.

"आता म्या लिवून द्यायचं, की हे माझं हाय. मग हे छापलं तवा कुनी लिवून दिलतं, की ह्याला कुनी धनी न्हाय म्हनून?"

"आक्का, झालं गेलं ते सोडा. तुम्ही सही करा, मी आजच सगळीकडं तुमचं नाव घालतो. आधी ते नव्हतं, हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

"त्येच तर," आक्का म्हणाली. "कुनाला कळनार न्हाय, त्येच तर."

तिची अट एकच होती. त्याच सभागृहात, त्याच माइकवरून सरांनी सांगायचं, की बाई माहीत असून मी तिला अज्ञात केलं. मग ती तिथंच, सर्वांसमोर सही करणार. सरांनी कपाळाचा घाम पुसला. विचार करतो म्हणाले. निघताना मात्र त्यांनी दारात उभं राहून खरा बाण मारला. "सही नसली, तर दोनशे बाराच्या दोनशे बारा काठ काढून टाकावे लागतील. माझं काही बिघडत नाही. नुकसान तुमच्याच विणकरांचं आहे, आक्का. आणि तुमचंही. एवढं काम केलंत, ते जगातून जाईल."

आक्काच्या चेहऱ्यावरचं तेज पहिल्यांदा उतरलेलं मी बघितलं. कारण ते खरं होतं. वडगावातली पोरं 'किनार'मधून तिचे काठ घेऊन विणू लागली होती. पाण्यानं, उंदरांनी माळ्यावरच्या जुन्या पट्ट्यांतल्या निम्म्या खाल्ल्या होत्या. डोळे जात चालले होते. ती गेल्यावर ते काठ राहायचे, तर तिथंच राहणार होते.

सरांनी माइकची अट मानली नाहीच. त्याऐवजी त्यांनी वडगावची चार वजनदार माणसं तिच्याकडं पाठवली. 'विशेष आभार' अशी एक ओळ घालण्याचं पत्र पाठवलं. आक्काचा पुतण्या मागावरून उठून येऊन ओरडला, "काकू, तुझ्या रागापायी आमी उपाशी मरायचं व्हय? एक सही करायला तुझं काय जातंय?" आक्कानं त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर तिनं यंत्रावर फडकं टाकलं. त्या दिवशी तिनं एकही भोक पाडलं नाही. सही करते की काय, असं मला वाटलं. आणि लाजेनं सांगते, तिनं ती करावी असंही मला वाटलं. माझी सुटका झाली असती.

दुसऱ्या दिवशी तिनं निरोप पाठवून मला बोलावलं.

"काढत्यात म्हंजे कसं काढत्यात? गुपचिप?"

"न्हाय आक्का. नोंद ऱ्हातीया. काय काढलं, किती काढलं."

"कुनाचं काढलं, ते?"

"कर्ता म्हाईत असला तर त्ये बी."

"का काढलं, ते?"

"त्ये बी लिवावं लागतंय. जो मुख्य हाय, त्येनंच लिवायचं. फाउंडेशनच्या बाई दोन्हीकडनं इचारून घेत्यात, खरं हाय का म्हनून."

"आनि ती नोंद मागनं पुसली तर?"

"पुसता येत न्हाय. कायम ऱ्हातीया. जगात कुनीबी उगडून बगावं."

आक्का उठली. देवाजवळचा दिवा साफ करून आली, परत बसली. डोळे भरलेले होते, पण आवाजात ते कुठं नव्हतं.

"मग काढा," म्हणाली.

"आक्का, समदे जातील. काजू, फाटक, समदे."

"जाऊ दे. ज्याला पायजे त्यानं माझ्या दारात यावं. हात चालतोय तवर पाडून देते. पन त्या मानसानं त्याच्या हातानं लिवायला पायजे."

आणि त्या माणसानं लिहिलं. तीन वेळा खाडाखोड करून लिहिलं. पहिल्यांदा सरांनी कारण लिहिलं, 'तांत्रिक अडचण'. फाउंडेशनच्या बाईंनी परत पाठवलं. मग 'गैरसमज' लिहिलं. तेही परत आलं, कारण आक्काची बाजू मी इंग्रजीत करून, प्रदर्शनाच्या पाटीच्या फोटोसकट पाठवली होती. माझ्या आयुष्यात मी सरांविरुद्ध केलेलं तेवढं एकच काम. तिसऱ्यांदा सरांना खरं लिहावं लागलं. नाहीतर 'किनार' घेणार नाही, असं बाईंनी स्पष्ट कळवलं होतं. सर त्या दिवशी लॅबमध्ये माझ्या शेजारी बसून दोन बोटांनी टाइप करत होते आणि प्रत्येक शब्दाला माझ्याकडं बघत होते. मी पडद्यावरची नजर काढली नाही.

'किनार' फाउंडेशनकडं गेलं. नक्ष्यांचं दालन रिकामं. वडगावची मंडळी महिनाभर आक्काला शिव्या घालत होती, मग हळूहळू तिच्या दारात येऊन उभी राहू लागली. आल्याला ती परत पाठवत नव्हती. तिचा पुतण्याही आला, त्याला तिनं पाऊण तास थांबवलं एवढंच.

तिला मी शेवटची बघितली ती याच सुमारास, एका सकाळी. लॅपटॉप घेऊन गेले होते. नोंद तिला दाखवायची होती. तिनं स्टोव्हवर चहा ठेवला होता. चष्मा नीट बसवून माझ्याजवळ येऊन बसली. मी इंग्रजी वाचत मराठीत सांगू लागले.

"'किनार'मधले दोनशे बारा काठ वगळले. कर्ती, शेवंता परशराम ढवळी, खासबाग, बेळगाव. कारण, कर्ती कोण हे माहीत असताना तिला अज्ञात म्हणून प्रसिद्ध केले. त्यामुळे तिने परवानगी नाकारली. लिहिणार, इनामदार, प्रकल्पप्रमुख."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग तिनं स्वतःचं नाव कुठं आहे ते विचारून त्यावर तो चपटा अंगठा ठेवला. पडद्यावर डाग पडला, तो तिनं पदरानं पुसला.

"त्याच्या पोराबाळांनी उगडलं, तरी हेच दिसनार?"

"हेच."

"बरं झालं," आक्का म्हणाली. इतकी शांत मी तिला कधी बघितली नव्हती. मग तिनं बोट खाली नेलं. "आनि हे बारीक काय लिवलंय?"

मला वाटलं होतं तिला ते दिसणार नाही.

"त्ये माझं नाव. फायली काढल्या कुनी, त्ये लिवल्यालं असतंय."

"त्ये बी कायम?"

"व्हय. कायम." मग मला राहवलं नाही. "आक्का, मला सांगितलं तसं मी केलं."

आक्का उठली. स्टोव्ह बंद केला, फडक्यानं भांडं धरलं.

"तवाबी तसंच केलतीस," ती म्हणाली, आणि माझ्या कपात चहा ओतला.